प्रश्नावली कोणी भरली?

नातवाच्या कपाळाला उलटा हात लावून ताप आहे की नाही हे सांगणारी माणसे या पाक्षिकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत, याची मला खात्री आहे. तुमच्यापैकी अनेक जण मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवता, परत आल्यावर डबा उघडून किती खाल्ले ते पाहता, दुपारी त्यांच्या शेजारी आडवे होता. आज मला लिहायचे आहे ते तुमच्या या नजरेविषयी. एका मुलाच्या बाबतीत मी ही नजर विचारात घेतली नाही आणि त्याचे फळ त्या मुलाला जवळजवळ तीन महिने भोगावे लागले.

पुणे-नाशिक महामार्गालगत मोशी परिसरात माझा दवाखाना आहे. २६ वर्षांपूर्वी तो सुरू केला, तेव्हा आसपास शेती होती. आज एका बाजूला भोसरीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत आणि मध्ये उंच इमारती उभ्या आहेत. येथील घरे कंपनीच्या पाळ्यांवर चालतात. वडील या आठवड्यात पहिल्या पाळीला, तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला. अनेक घरांत आईही नोकरी करते. मग लातूर, बीड, जळगाव, बुलढाणा अशा कुठल्या तरी गावाहून आजी किंवा आजोबांना बोलावून घेतले जाते आणि मूल त्यांच्या हाताखाली वाढते. माझ्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे वडिलांचा मोबाईल क्रमांक असतो. मुलाला दवाखान्यात घेऊन येणारा हात मात्र बहुधा सुरकुतलेला असतो.

आता त्या मुलाविषयी. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत शिकणारा. श्रावणात तो प्रथम पोटदुखीसाठी आला. दुखणे सकाळचे, शाळेच्या वेळेचे, रविवारी कमी. महिन्याभरात नऊ दिवस शाळा बुडाली होती. वजन घटलेले नव्हते, ताप नव्हता, रात्री झोपेतून उठवणारी वेदना नव्हती, शौचातून रक्त जात नव्हते. कृमींचे औषध देऊन झाले, लघवी आणि शौचाच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली. सारे व्यवस्थित होते. तेव्हा मला शंका आली की दुखण्याचे मूळ भीतीत असावे. मी आईच्या हाती पालकांसाठी असलेली एक प्रश्नावली दिली. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी ती सात-आठ मिनिटांत भरली. कामावर जायची घाई होती. बेरीज आली १३. मी म्हणालो, "काळजीचे कारण दिसत नाही. थोडे दिवस पाहू."

ही माझी चूक होती. ती कशी झाली हे समजण्यासाठी प्रश्नावली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे.

मुलांमधील चिंताविकार ओळखण्यासाठी जगभर अनेक प्रश्नावल्या वापरल्या जातात. मी वापरतो तिचे संक्षिप्त नाव 'स्केअर्ड'. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बालमानसोपचारतज्ज्ञ बोरिस बर्माहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. आज तिच्यात ४१ विधाने आहेत. मुलाला भीती वाटली की छातीत धडधडते का, घरापासून दूर झोपायला तो घाबरतो का, अनोळखी माणसांपुढे त्याची वाचा बसते का, शाळेत गेल्यावर त्याचे डोके किंवा पोट दुखते का, अशा आशयाची. गेल्या तीन महिन्यांचा विचार करून प्रत्येक विधानापुढे ०, १ किंवा २ असा आकडा लिहायचा. खरे नाही किंवा क्वचितच खरे असेल तर ०, अधूनमधून खरे असेल तर १, बऱ्याचदा खरे असेल तर २. बेरीज २५ किंवा त्याहून अधिक आली, तर चिंताविकाराची शक्यता धरून पुढील तपासणी करायची. अचानक उसळणारी भीती आणि तिची शारीरिक लक्षणे, सतत चालणारी काळजी, जिवलगांपासून दूर जाण्याची भीती, लोकांत मिसळण्याची भीती आणि शाळा टाळणे, असे पाच गट करूनही ही बेरीज पाहता येते. प्रश्नावलीची दोन रूपे आहेत. एक पालकांनी भरायचे, दुसरे ८ ते १८ वयाच्या मुलाने स्वतः भरायचे. विधाने तीच, फक्त एकात 'माझे मूल' आणि दुसऱ्यात 'मी'.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने ८ ते १८ वयाच्या सर्व मुलांची, काही तक्रार नसली तरी, चिंताविकारासाठी चाळणी करावी असे सुचवले. ७ वर्षे आणि त्याखालील मुलांसाठी मात्र असे सांगण्याइतका पुरावा अद्याप नाही, असेही त्यांनी नमूद केले. आपल्याकडे बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार, असा त्याचा अर्थ. यांतली बहुतेक मुले मानसोपचारतज्ज्ञांकडे जात नाहीत. ती माझ्यासारख्या साध्या डॉक्टरकडे पोट, डोके, चक्कर किंवा झोप यांची तक्रार घेऊन येतात. मी शिकलो त्या काळी एमबीबीएसच्या संपूर्ण अभ्यासक्रमात मानसोपचार विभागातले काम जेमतेम दोन आठवड्यांचे होते. त्यामुळे अशी प्रश्नावली माझ्यासारख्याला मोठाच आधार वाटते. आणि आधार वाटतो, म्हणूनच तिच्यावर नको इतके विसंबले जाते.

दिवाळी उलटल्यावर त्या मुलाची आजी रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यासाठी आली. लातूरकडच्या. पहिल्या वेळी मुलाबरोबर त्याही आल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. मी सहज विचारले, "नातू कसा आहे, आजी? पोट दुखायचे थांबले का?"

त्या म्हणाल्या, "सायेब, लेकराचं पोट न्हाई दुखत. त्याला धास्ती बसलीय."

मग त्या बोलत गेल्या. बाप कंपनीत पोचल्याचा फोन येईपर्यंत मुलगा शाळेचे बूट घालत नाही. बापाची रात्रपाळी असली की खिडकीशी उभा राहतो. आजी हाताला धरून आणते, तर थोड्या वेळाने पुन्हा खिडकीत. अंघोळीला गेला की आजीला न्हाणीच्या दाराशी बसवतो आणि आतून हाका मारत राहतो, "आज्जी, हाईस का?" एकदा तर त्याने बापाच्या मोटारसायकलची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली होती. पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या इमारतीतील एक कामगार पाळी संपवून घरी येताना महामार्गावरील अपघातात गेला होता. मोठी माणसे जिन्यात, गच्चीवर, जेवताना कित्येक दिवस त्याच विषयावर बोलत होती. मुले तिथेच खेळत होती.

मी विचारले, "आजी, हे त्या वेळी का नाही सांगितलेत?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. कागद तर पोराच्या आईनं भरला."

वाचकहो, हे वाक्य मला फार लागले. खोलीत तीन मोठी माणसे होती. त्यांतल्या ज्या एकीला सारे ठाऊक होते, तिला मी काहीच विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी मी सर्वांना बोलावले. आईने पुन्हा, या वेळी सावकाश, प्रश्नावली भरली. बेरीज १९ आली. मुलाला दुसऱ्या खोलीत बसवून त्याची त्याला भरू दिली. ती आली ३४. आजींना मी एकेक विधान वाचून दाखवले आणि त्यांची उत्तरे लिहून घेतली. ही प्रश्नावली आई-वडील आणि मुले यांच्यावर पडताळून पाहिलेली आहे. आजीच्या उत्तरांची बेरीज करून २५ च्या रेषेशी ताडून पाहणे शास्त्राला धरून होणार नाही. म्हणून मी बेरीज केली नाही. पण ज्या विधानांपुढे आईने ० लिहिले होते, त्यांतील अकरा ठिकाणी आजींनी प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग सांगितला.

आईने तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, म्हणजे आई म्हणून मी नापास झाले का?"

उत्तर मी देण्याआधी मुलानेच दिले. तो म्हणाला, "आई दमून येते. तिला सांगितलं की तिला झोप लागत नाही. म्हणून मी तिला नाही सांगत."

आईने खोटे लिहिले नव्हते. तिने तिला दिसणाऱ्या मुलाविषयी लिहिले होते. सायंकाळी सात ते दहा या वेळात दिसणारा, आईला त्रास होऊ नये म्हणून भीती गिळून बसलेला मुलगा. पालकांची उत्तरे आणि मुलांची स्वतःची उत्तरे यांत चिंतेच्या बाबतीत पुष्कळदा अंतर पडते, हे संशोधकांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. मुलाचे रडणे, चिकटणे, शाळेला नकार देणे मोठ्यांना दिसते. मनातली काळजी फक्त त्यालाच ठाऊक असते. कधी उलटही घडते. आई किंवा वडील स्वतःच अतिशय काळजी करणारे असतील, तर त्यांना मुलाच्या प्रत्येक हालचालीत भीती दिसते आणि बेरीज फुगते. काही घरांत 'लोक काय म्हणतील' या विचाराने सगळीकडे ० लिहिले जाते. काही मुले, विशेषतः लहान वयाची, विधान न समजताच आकडा लिहितात. म्हणून शक्य तिथे एकाहून अधिक माणसांना विचारावे, असे आता मी मानतो. हे मला तेव्हाही पुस्तकातून माहीत होते. पण बाहेर रुग्णांची रांग होती आणि १३ हा आकडा मला सोयीचा वाटला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रश्नावली ही धान्य चाळायच्या चाळणीसारखी आहे. चाळणीत काही चांगले दाणे अडकतात आणि एखादा बारीक खडा खाली निसटतो. बेरीज २५ च्या वर गेली म्हणजे विकार आहेच असे नाही, आणि खाली राहिली म्हणजे नाहीच असेही नाही. निदान होते ते मुलाशी आणि कुटुंबाशी सविस्तर बोलून, शारीरिक आजार पारखून, आणि भीतीमुळे मुलाचे रोजचे जगणे किती अडते आहे ते पाहून. रक्तातील कमतरता, थायरॉइडचा आजार, दम्याच्या काही औषधांनी वाढणारी धडधड यांचाही विचार करावा लागतो. परीक्षेआधी पोटात गोळा येणे हा आजार नव्हे. त्या गोळ्यापायी आठवडेच्या आठवडे शाळा, खेळ, झोप सुटू लागली, तर मात्र मदत हवी.

त्या मुलाला मी महापालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवले. तेथे सविस्तर मुलाखत झाली आणि दुराव्याच्या भीतीचे निदान झाले. औषधाची गरज पडली नाही. काही मुलांना ती पडते, आणि तज्ज्ञाने लिहून दिलेली असतील तर त्या गोळ्यांना भिण्याचे कारण नाही. झोपेच्या गोळ्या किंवा शेजाऱ्याने सुचवलेले 'शांत करणारे' औषध मात्र मुलाला कधीही देऊ नये. या मुलासाठी उपचार होता तो भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचा. त्याला विचार आणि वर्तन यांवरचा उपचार, म्हणजे सीबीटी म्हणतात. आणि त्यातील अर्धे काम आजींनी केले.

पहिला आठवडा आजी न्हाणीच्या दाराशीच बसल्या, पण प्रत्येक हाकेला 'ओ' द्यायचे त्यांनी थांबवले. तीन हाकांना मिळून एक. दुसऱ्या आठवड्यात त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सरकल्या. मग ओट्यापाशी. मग बाल्कनीत, कपडे वाळत घालायला. त्यांना हे जड गेले. "लेकरू आवाज देतंय आन् म्या गप ऱ्हायचं म्हंजे पाप वाटतंय," असे त्या मला म्हणाल्या. मी त्यांना समजावले की प्रत्येक हाकेला मिळणारे उत्तर भीतीला त्या क्षणापुरते गप्प करते आणि पुढच्या हाकेची सवय लावते. बापाने सकाळी पोचल्याचा एकच फोन करायचा आणि तोही मुलगा बूट घालून तयार झाल्यानंतर, असे ठरले. घरात अपघाताच्या गप्पा मुलासमोर करायच्या नाहीत. त्याने विचारले तर मात्र खरे आणि थोडक्यात सांगायचे. आईने रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे फक्त त्याचे ऐकायचे आणि ऐकताना घाबरायचे नाही. हे शेवटचे त्यांना सर्वांत अवघड वाटले.

माघ महिन्यापर्यंत मुलगा नियमित शाळेत जाऊ लागला. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. वडिलांची रात्रपाळी लागली की तो अजून उशिरा झोपतो. परीक्षेच्या सकाळी पोट दुखते, पण दुखत्या पोटाने तो जातो.

आता तुम्हाला काही सांगतो. तुमच्या नातवंडाच्या किंवा तुमच्या देखरेखीखालील मुलाच्या वागण्यात भीती घर करते आहे असे वाटले, तर डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा. मूल काय टाळते, कोणत्या वेळी टाळते, आणि ते घाबरू नये म्हणून तुम्ही घरात काय काय बदल करता, हे तिसरे विशेषेकरून. दाराशी बसणे, शेजारी झोपणे, सतत 'काही होणार नाही' असे सांगणे, ही सगळी माहितीच असते. लिहिता येत नसेल तर मोठ्या नातवाला सांगून लिहवून घ्या, किंवा नुसते लक्षात ठेवा.

प्रश्नावली मिळाली, तर ती घरी नेऊन भरता येईल का, असे विचारा. जे पाहिले आहे त्यावरून उत्तर द्या. मुलाचे नाव खराब होईल म्हणून आकडा कमी करू नका, आणि मदत लवकर मिळावी म्हणून वाढवूही नका. ठाऊक नसेल तर तसे समासात लिहा. उत्तरे मुलासमोर मोठ्याने वाचू नका, भावंडांत त्याची थट्टा होऊ देऊ नका. आठ वर्षांहून मोठ्या मुलाला स्वतःचा कागद स्वतः, एकांतात भरू द्या आणि तो काढून घेऊन वाचू नका.

मुलगा किंवा मुलगी मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलू लागली, खाणे-पिणे तोडले, किंवा खोलीबाहेर येईनाशी झाली, तर प्रश्नावलीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. आपल्या भागात पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या वायसीएममध्येही मानसोपचार विभाग आहे.

माझ्या दवाखान्यातील प्रश्नावलीच्या वर आता मी हाताने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. 'ही कोणी भरली?' आणि 'मूल दिवसातील किती तास तुमच्यासमोर असते?' या दोन प्रश्नांना गुण नाहीत, पण पुढचे ४१ आकडे मी त्यांच्या आधारे वाचतो. दुसऱ्या ओळीपुढे वडील कधी 'दोन' लिहितात, आई 'चार' लिहिते, आणि मग दोघेही मागे वळून कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात.

पुढच्या वेळी नातवाला घेऊन दवाखान्यात जाल, तेव्हा त्या कोपऱ्यात गप्प बसू नका. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा. माझ्यासारख्या घाईतल्या डॉक्टरला ते ऐकायची सवय लागायला थोडा वेळ लागेल, पण लागेल.